दातात धरलेली पाचर

वलगावात चरक्या घरोघर होत्या, पण चरकी बसवावी ती पार्वताबाईनंच, याबद्दल गावात दुमत नव्हतं. आता चरकी बसवणं म्हणजे काय ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं नुसतं सासू-सुनेचं भांडण वाटेल, आणि तसं ते नाही.

चरकीला दोन उभे खुंट असतात. त्यांच्यामध्ये खाली लाकडी लाट, म्हणजे जाड गोल दांडा, आणि वर लोखंडी कांब. एकीनं मूठ फिरवायची, दुसरीनं कापूस भरवायचा. रुई पलीकडे निघते, सरकी अलीकडे पडते. इतकं कोणालाही जमतं. खरी मेख खुंटांच्या भोकांत बसवलेल्या बाभळीच्या पाचरांची. पाचर ठोकली की कांब लाटेवर दाबली जाते, उपसली की सैल होते. फार सैल राहिली तर सरकी रुईबरोबर आत ओढली जाते आणि रुईला तेलाचे डाग पडतात. ते लगेच दिसतं. फार घट्ट झाली तर सरकीचं टोक चिमटीत सापडतं आणि सालीला केसाएवढा तडा जातो, आणि तो मात्र दिसत नाही. अशी सरकी गुराढोरांना चालते. पेरली तर मातीत कुजून जाते. हा तडा कळतो फक्त कानाला. वाळलेली सरकी तडकते तेव्हा 'कट' असा बारीक आवाज येतो, चरकीच्या घुमण्याच्या खाली दबलेला, आणि तो पार्वताबाईला ऐकू यायचा.

म्हणून पेरायच्या सरकीसाठी गाव तिच्याकडे यायचं. ती मूठभर कापूस घालून बघायची, कान लावायची, लाकडी मोगरीनं पाचरेला जवभर ठोका द्यायची, पुन्हा कान लावायची. कधी पाचरेखाली जुन्या वहाणेच्या कातड्याची चकती सारायची, कधी चकती जाड वाटली तर सुताचा नुसता एक पदर. सकाळी कापूस नरम असतो तेव्हा एक बसवणी, दुपारी उन्हानं लाट आकसली की दुसरी. सुटी पाचर आणि चकत्या ठेवायला तिच्याजवळ पिशवी नव्हती असं नाही, पण हात रिकामे राहावेत म्हणून ती पाचर दातात धरायची आणि त्यामुळे काम करताना तिच्याशी कोणी बोलायच्या भानगडीत पडत नसे. तेही तिला बरंच वाटत असावं. नवरा खुशालराव वारल्यावर या बाईनं शेत राखलं, मुलगा वाढवला आणि गावात मान मिळवला तो या कानावर. त्याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

मग साता समुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. कोण कोणाशी लढतंय हे वलगावात कोणाला ठाऊक नव्हतं, पण ती लढाई संपू नये म्हणून मारुतीला नारळ फोडणारे निघाले. अमरावतीच्या बाजारात गाड्यांवर गाड्या. दलाल थेट खळ्यावर यायचे. शेतकऱ्यांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. चरक्या उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत घुमायच्या, आणि पाचरा अशा ठोकलेल्या की रुई भराभर निघावी. सरकीचं मरण कोण बघतो! या धांदलीत गावानं असा मूर्खपणा केला की काय सांगावं. बियाण्यासाठी म्हणून राखलेला कापूससुद्धा लोकांनी विकला. 'बनी' म्हणून आपल्याकडचा जुना लांब धाग्याचा कापूस, त्याचं बी कित्येक घरांतून पार गेलं. पेरणीला बाजारातली मिसळ भरड सरकी आणली, तीच पेरली.

गावातल्या महादेवरावांनी मात्र बनी राखली होती. गेल्या साली त्यांच्या पेरणीची सरकी पार्वताबाईच्या ओसरीवर निघाली. भरवायला आणि बसवायला पार्वताबाई, मूठ फिरवायला तिची सून शकुन. मोर्शीकडून नुकती लग्न होऊन आलेली, अंगापिंडानं भक्कम, बोलायला कमी. मृग लागला, पेरणी झाली, आणि महादेवरावांच्या शेतात तासांना नांग्याच नांग्या. चार रोपं उगवलेली, पुढे हातभर जागा मोकळी. माती उकरून पाहिली तर कुजकी, तडकलेली सरकी.

पार्वताबाईच्या हातून असं होईल हे कोणाच्या मनातही आलं नाही. इतकी वर्षं कधी झालं नव्हतं. नवीन होतं ते मुठीवरचं माणूस. महादेवरावांची बायको गंगूबाई पाणवठ्यावर म्हणाली, "पोरीचा हातच जड हाये. हिसके देते. मूठ फिरवून राहिली का जातं दयून राहिली?" झालं. तेव्हापासून शकुन जड हाताची. तिनं लावलेलं दही विरजलं नाही तरी जड हात, भाकरी चिरली तरी जड हात. पार्वताबाई स्वतः तसं काही म्हणाली नाही. पण म्हणणाऱ्यांना थांबवलंही नाही, आणि सून वर्षभर खाली मान घालून राबत राहिली.

पार्वताबाईच्या मुलाचं, सूर्यभानचं डोकं त्या बोलण्यानं पिकलं. तसा तो वाईट माणूस नव्हता. पण अमरावतीच्या बाजारात चारचौघांत ओळख व्हावी अशा वयात त्याची ओळख झाली ती जड हाताच्या बाईचा नवरा म्हणून. चैत्रात गंगूबाई पुन्हा आली. तिच्या माहेरी कुठं कोनाड्यात उरलेला बनीचा कापूस, एक गाठोडं, तिनं मिनतवाऱ्या करून आणला होता. शेतातल्या नांग्या बाजारच्या सरकीनं भरल्या होत्या, तेव्हा शुद्ध जुन्या बियाण्याचं एवढंच काय ते शिल्लक. गावातल्या दुसऱ्या कुठल्या चरकीवर तो घालायची तिची छाती होईना.

"तुमीच काढून द्या पार्वताबाई," ती म्हणाली. "पन यावेळी मी समोर बसन. अन् एक एक खेप पान्यात टाकून पायीन."

गंगूबाई गेली तसा सूर्यभान आईजवळ येऊन मोठ्यानं म्हणाला, शकुनला ऐकू जाईल असं, "मूठ हेच फिरवन. गावासमोर होऊ द्या काय होते ते. औंदाबी सरकी फुटली, तर मी हिले मोर्शीले पोचवून देतो. मंग आनायले जानार नाई."

शकुन चुलीपुढे होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तव्यावरची भाकरी मात्र करपली, आणि ती तिनं स्वतःच्या वाट्याला घेतली.

गाठोड्याला हात लावण्याआधी पार्वताबाईनं साध्या कापसावर चरकी बसवून बघायचं ठरवलं. दुपारची वेळ होती, सूर्यभान शेतात. शकुन मुठीवर बसली. पार्वताबाईनं मूठभर कापूस घातला, सुटी पाचर दातात धरली आणि कान लावला. चरकीचा सूर हलका वाटला. हल्ली चरकी अशी हलकीच घुमायची; लाकूड जुनं झालं, झिजलं, सैल पडतं, असं ती धरून चालली होती. तिनं पाचरेला ठोका दिला. पुन्हा हलका. आणखी ठोका. आता कुठं सूर कानाला बरा लागला. तेवढ्यात शकुनचा हात थांबला.

"काहून थांबली?"

शकुननं तिच्या तोंडाकडे पाहिलं. मूठ फिरवू लागली, पुन्हा थांबली. पार्वताबाई वैतागली. हिसके म्हणतात ते हेच की काय! फट पाहायला म्हणून ती खुंटाकडे वाकली, आणि दातातल्या पाचरेचं दुसरं टोक खुंटाला टेकलं.

तिच्या डोक्यात चरकी घुमली. दहा वर्षांपूर्वी घुमायची तशी, भरगच्च, एक एक फेरा सांगणारी. आणि त्या घुमण्यात कट, कट, कट, चूल पेटताना काटक्या तडतडतात तसा सरक्यांचा तडतडाट. पार्वताबाईनं दचकून मान मागे घेतली. आवाज गेला. पुन्हा पाचर टेकवली, आवाज आला. तिनं हातांनी कान चोळले, पुन्हा नुसता कान लावला. हलका, बरा सूर. कट नाही.

तिला सगळं एकदम कळलं, आणि कळायला नको होतं असं वाटलं. चरकी सैल पडत नव्हती. तिचा कान सैल पडला होता. तिला ऐकू येईपर्यंत ती पाचर ठोकत गेली, आणि ठोकत गेली म्हणून सरकी फुटत गेली. गेल्या साली महादेवरावांच्या तासांना पडलेली एकूण एक नांगी तिच्या मोगरीची होती. मुठीवरचा हात बिचारा कांब नेईल तसा फिरत होता.

"आज पुरे," ती म्हणाली. शकुन उठून आत गेली.

आता खरं बोलायची संधी होती. पार्वताबाईनं ती घेतली नाही. का, ते सांगतो. तिला वाईट म्हणायला सोपं आहे. या वयात बाईजवळ दुसरं काय होतं? उद्या गावात कळलं की पार्वताबाई बहिरी झाली, तर परवापासून तिच्या ओसरीवर कोण येणार? लहान पोरं मागून हाका मारून हसतील. आणि वर्षभर सून जे सोसत राहिली ते सगळं एका दिवसात तिच्या पदरात पडेल. तिला भीती वाटली. मग तिनं मनाची समजूत घातली, की सांगायची गरजच काय? पाचर दातात धरायची तिची सवय गावाला ठाऊक आहे. खुंटाला टेकवून बसवणी केली तर कोणाला संशय येणार नाही. सरकी शाबूत निघेल, सून घरात राहील, आणि ही गोष्ट कुठं जाणार नाही. हिशेब चोख दिसत होता.

पुढचे काही दिवस ती घरात कोणी नसताना चरकीशी बसली. दातांनी ऐकणं कानांनी ऐकण्यापेक्षा वेगळं होतं. जबडा दुखायचा. डाव्या खुंटाचा आवाज उजव्या खुंटावर येत नसे, म्हणून एकदा इकडे, एकदा तिकडे वाकावं लागे. पण बसवणी मात्र पुन्हा जमली. ठोकलेल्या पाचरा तिनं उपसल्या, जाड चकत्या काढून सुताचे पदर घातले, लाटेच्या टोकांना एरंडीचं तेल दिलं, आणि कट थांबला.

ठरल्या दिवशी गंगूबाई गाठोडं घेऊन आली. सोबत पितळी परात आणली होती आणि शेणकाला. सरकी शेणकाल्यात चोळायची म्हणजे वरची लव बसते, मग पाण्यात सोडायची. तडकलेल्या सरकीतून बुडबुडा निघतो. गेल्या साली हे करायची सवड कोणाला होती? शेजारच्या दोघी-तिघी येऊन भिंतीला टेकल्या. सूर्यभान ओसरीच्या पायरीवर बसला. अंगणात त्यानं दमणी, माणसं न्यायची हलकी बैलगाडी, काढून ठेवली होती, बैलांना पाणी पाजून. ती दमणी शकुनला मुठीवरून समोरच दिसत होती.

पार्वताबाईनं पाचर दातात धरली, खुंटाला टेकवली आणि मान हलवली. शकुननं मूठ फिरवली.

पहिल्या मूठभर कापसाला एक कट. तिनं डावी पाचर नखभर उपसली. कट नाही. सरकी टपटप पडू लागली. गंगूबाईनं खेप उचलली, चोळली, परातीत सोडली. सगळ्या वाकल्या. पाणी स्थिर होतं. दुसरी खेप, तीच गत. पार्वताबाईच्या मानेवरून घाम ओघळत होता. जबडा भरून आला होता. उजव्या खुंटाकडे वाकली, सुताच्या पदराची घडी घातली, पुन्हा डावीकडे. ऊन चढत होतं. लाट आकसत होती, फिरून फिरून कांब तापत होती, आणि दर खेपेला बसवणी जवभर हलत होती. ती जवभर मागे आणत होती. गाठोडं अर्ध्यावर आलं.

"पार्वताबाई," गंगूबाईनं काहीतरी विचारलं.

पार्वताबाईला फक्त ओठ हलताना दिसले. तिनं मान हलवली. गंगूबाईनं भुवया उंचावल्या. हो-नाहीचा प्रश्न नव्हता तो. तिनं पुन्हा विचारलं. भिंतीजवळच्या बायका पार्वताबाईकडे बघायला लागल्या. आता पाचर काढून वळणं भाग होतं. तिनं पाचर काढली, गंगूबाईच्या तोंडाजवळ झुकली. "काय म्हनता?"

"मी म्हनते, कांब लय तापली, जराशी थांबवता का?"

"नाई, तेल हाये," पार्वताबाई म्हणाली, आणि त्याच वेळी शकुनचा हात थांबला.

फक्त क्षणभर. पण सगळ्यांनी पाहिलं. गंगूबाईनं हातातली खेप घाईनं परातीत सोडली. पाण्यातून एक बुडबुडा वर आला. मग आणखी एक. मग बाजूबाजूनं तीन-चार.

"पायलं?" गंगूबाईचा आवाज चिरकला. "मी म्हनत नव्हती? हात थांबला अन् फुटली. हिसका देला तिनं. माह्या मायेरचं बी हाये व ते, दुसरं कुठून आनू मी आता?"

सूर्यभान उठला. आईकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं नाही. अंगणात उतरला आणि बैलांचं दावं सोडू लागला. "गठुडं बांध," तो म्हणाला.

शकुननं मूठ सोडली. पदर सारखा केला. तिचे डोळे कोरडे होते. उठताना तिनं एकदाच सासूकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात राग असता तर पार्वताबाईला सोपं गेलं असतं. राग नव्हता. तिनं पाहिलं ते सासूच्या कानाकडे, मग तिच्या हातातल्या पाचरेकडे, आणि नजर खाली घेतली. पोरीला ठाऊक होतं. हात थांबायचा तो हिसका नव्हता. आवाज आला की ती थांबत होती, सासूला कळावं म्हणून. कालपरवाही, गेल्या सालीही. आत्ता या घडीला चार शब्द बोलली असती तर दमणीला बैल जुंपायची वेळ आली नसती. ती बोलत नव्हती.

"सूर्यभान, थांब."

त्यानं जू उचललं होतं.

"थांब म्हनते न मी. बैल बांध." पार्वताबाई उभी राहिली. "मले आयकू येत नाई. कान गेले माहे. हे पाचर खुंटाले लावून दातानं आयकून राहिली होती मी, थे काढली अन् सरकी फुटली. पोरीचा हात चांगला हाये. गेल्या सालीबी चांगलाच होता. गंगूबाई, तुमचं वावर मी बुडवलं."

कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तरी तिला ऐकू आलं नसतं, आणि त्या क्षणी तिला त्याचं बरंच वाटलं. सूर्यभान जू हातात धरून तसाच उभा. भिंतीजवळच्या एकीनं तोंडाला पदर लावला. पार्वताबाईनं मोगरी उचलली आणि शकुनच्या हातात दिली. मग तिला खांद्याला धरून आपल्या जागेवर बसवलं आणि स्वतः जाऊन मुठीवर बसली. त्या ओसरीवर सासू मुठीवर आणि सून पाचरेवर हे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

गंगूबाईनं उरलेल्या गाठोड्यावर हात ठेवला. बी तिचं होतं. तिचं चूक कसं म्हणावं? "हिले येते का पन?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"फुटलेली आयकू येते तिले," पार्वताबाई म्हणाली. "तेवढंच लागते."

गंगूबाईनं बराच वेळ हात काढला नाही. मग काढला.

शकुननं मूठभर कापूस घातला. पार्वताबाईनं मूठ फिरवली; वर्षानुवर्षं न फिरवलेली, खांद्यात कळ आली. कट झालेला तिला ऐकू आला नाही, पण सुनेचा हात तिच्या गुडघ्यावर पडला. थांब. शकुननं पाचर उपसली, पार उपसली, भलतीच सैल; या कामाला ती नवी होती. रुई तेलानं पिवळी आली. तिनं दात-ओठ खाऊन सुताचा एक पदर घातला, मग अर्धा ओढून काढला, आणि मोगरीचा असा हलका ठोका दिला की मोगरीच्या वजनानंच तो बसावा. गुडघ्यावर हात. चाल.

सरकी पडली. गंगूबाईनं चोळली, परातीत सोडली. सगळ्यांची तोंडं परातीवर आली. सूर्यभानही पायरी चढून वाकला होता. पाणी हललं, मग थांबलं. बुडबुडा आला नाही. पुढच्या खेपेला आला नाही, त्याच्या पुढच्याही.

गंगूबाई मागे टेकून बसली. मग तिनं शकुनला विचारलं, "काहून व, वरीसभर गाव तुले बोलून राहिलं. एकडाव तरी सांगाचं होतं सासूले."

शकुननं काहीतरी उत्तर दिलं. गंगूबाईचं तोंड उघडं राहिलं. सूर्यभाननं मान फिरवली. पार्वताबाईनं एकाकडून दुसऱ्याकडे पाहिलं.

"काय म्हने थे?"

कोणी सांगेना. "सांगा न बापा," पार्वताबाई म्हणाली, आणि शेवटी गंगूबाई तिच्या कानाशी आली, हातांचा द्रोण केला आणि ओरडून म्हणाली, सगळ्या आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "म्हनते, गेल्या साली सांगतलं होतं! रोज सांगे, आत्याबाई, फुटून राहिली! तुमी ठोकतच राहिल्या!"

मुठीवरचा हात थांबला. पार्वताबाईला वर्षापूर्वीची ती दुपार आठवू लागली, आणि त्यात सुनेचे ओठ हललेले खरोखरच आठवले. आपण तेव्हा काय म्हणालो होतो तेही आठवलं. गुमान हात चालव, म्हणालो होतो. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही, कारण एक हात मुठीवर होता आणि दुसऱ्यानं ती खुंट धरून होती.

गाठोड्यात कापूस अजून होता. शकुननं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबला. पार्वताबाईनं मूठ फिरवायला घेतली.